दोन सिम, एक पैसा

कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांचे नातेवाईक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. आमचेही आहेत. फुफीचं सगळं कुटुंब मोंबासात. त्यामुळे ‘एम-पेसा’ हा शब्द आमच्या घरात फार लवकर आला. स्वाहिलीतला ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच.

मार्च 2007 मध्ये केनियात सफारीकॉमने ही सेवा सुरू केली. बँकेत खातं नको, साधा बटनांचा फोन पुरे. दुकानदाराकडे रोख द्यायची, ती फोनमध्ये जमा होते. तिथून पाठवली की गावाकडच्या माणसाच्या फोनवर पोचते. ज्यांना बँकेने कधी दारात उभं केलं नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

पण त्यात एक मेख होती. समोरच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल, तर पैसे त्याच्या खात्यात पडत नसत. त्याला एक कोड यायचा, तो घेऊन एम-पेसाच्या एजंटकडे जाऊन रोख उचलायची. पाठवणाऱ्यालाही खर्च जास्त. म्हणून फुफांकडे दोन सिम होती, एक स्वस्तात बोलायला, दुसरं पैशांसाठी. मला वाटतं, ग्राहक बांधून ठेवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. सगळे ओळखीचे जिथे, तिथेच माणूस राहतो. दुसरीकडे दर कमी असले तरी.

शेजारच्या टांझानियात 2014 साली टिगो, एअरटेल आणि झांटेल यांनी आपापसांत जोडणी करायचं ठरवलं. 2016 मध्ये सर्वांत मोठी व्होडाकॉमही त्यात आली. केनियात सफारीकॉम आणि एअरटेलची खाती जोडली जायला 2018 उजाडलं.

यंत्रं जोडणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे तो हिशोब. एका कंपनीकडून दुसरीकडे पैसे जाताना नोट हलत नाही, देणं हलतं. दुसरी कंपनी घेणाऱ्याची देणेकरी होते आणि पहिली दुसरीची. म्हणून कंपन्या आधीच ठेव ठेवतात आणि ठरल्या वेळी देणंघेणं मिटवतात. शुल्कात वाटा किती, चुकीच्या नंबरवर गेलेले पैसे कोणी परत आणायचे, हेही आधी ठरवावं लागतं. फिकहच्या ग्रंथांत ‘हवाला’ नावाचं प्रकरण असतं. आज हा शब्द बदनाम झालाय, पण मूळ अर्थ साधा आहे: एकाचं देणं दुसऱ्यावर सोपवणं. देणारा बदलतो, घेणाऱ्याचा हक्क बदलत नाही.

आपल्याकडे 2016 मध्ये यूपीआय आलं आणि बँकांमधल्या भिंती बऱ्याच पडल्या. वॉलेटं मात्र बराच काळ बंद डब्यांसारखीच राहिली. शेवटी पूर्ण केवायसी झालेली वॉलेटं 31 मार्च 2022 पर्यंत जोडा, असं रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. त्याच महिन्यात साध्या फोनसाठी यूपीआय 123 पे आलं. अम्मीसारख्या बटनांच्या फोनवाल्यांची आठवण सगळ्यांत शेवटी झाली.

खाती जोडली म्हणजे काम संपलं असंही नाही. गावात त्या कंपनीचा एजंटच नसेल, तर फोनमधले पैसे हातात घ्यायला म्हातारीला तालुक्याला जावं लागतं. पैसा तिचा आहे. तो कुठल्या दारातून बाहेर काढायचा, हेही तिनेच ठरवायला हवं.