परतीचा आहेर

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते. तिच्या बैलबाजाराची ख्याति मोठी आहे. जाणता शेतकरी जनावर घेतो तें दांत मोजून, खूर पाहून, चार पावलें चालवून. 'तोंड उघडूं नका' असें विकणारानें म्हटल्यास सौदा तेथेंच मोडावयाचा. आमचीं वाचनालयें संगणक-प्रणाली घेतांना मात्र हा साधा व्यवहार विसरतात, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस खटकत आली आहे.

वाचनालयाचा जीव पुस्तकांत असला, तरी त्याची स्मृति सूचींत असते. शंकर गणेश दाते ह्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १९४३ सालीं निघाला. ज्या पुस्तकांची प्रत आज हातीं लागणें दुर्घट, अशीं कित्येक तींत नांवानें तरी जिवंत आहेत. नोंद गेली कीं भरलेलीं कपाटें म्हणजे नुसती रास होय.

एका लहानशा वाचनालयाची दशा आम्ही डोळ्यांनीं पाहिली आहे. विकत घेतलेल्या प्रणालीचा वार्षिक करार संपला आणि ती उघडेना. नोंदी वाचनालयाच्या, श्रम ग्रंथपालबाईंचे; किल्ली मात्र विक्रेत्याच्या खिशांत! कोणतें पुस्तक कोणत्या वर्गणीदाराकडे गेलें, हें सांगावयास कोणी उरलें नाहीं. अखेरीस बाईंनीं देवघेवीची जुनी वही झटकून काढली व एकेक दाखल-अंक पुन्हां उतरण्यास आरंभ केला.

न्यूझीलंडांतील होरोफेनुआ येथील वाचनालयांसही १९९९ सालीं असाच पेंच पडला होता. त्यांची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा ओळखील, ह्याची शाश्वती नव्हती. त्यांनीं कटिपो नामक कंपनीकडून नवी करवून घेतली, २००० च्या जानेवारींत ती चालू केली, आणि तिची मूळ आज्ञावली जगास खुली करून दिली. नांव ठेविलें 'कोहा'. माओरी भाषेंत ह्याचा अर्थ परतफेडीची जाणीव असलेली भेट. आमच्याकडील आहेर तो हाच. पुढें अमेरिकेंतील एका कंपनीनें ह्या नांवावरच तिकडे व्यापारी हक्क सांगितला. २०१३ सालीं तो फेटाळला गेला.

मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. यंत्र लागतें, वीज लागते, शिकलेला माणूस लागतो; आणि खेड्यांतील ग्रंथपालाचें मानधन तें किती! परंतु कोहा एकाच ठिकाणीं बसवून तीवर अनेक शाखा चालवितां येतात. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. अशा वडील संस्थांनीं शहापूर-मुरबाडकडील धाकट्यांस आपल्या ओटीवर जागा द्यावी, एवढेंच आमचें मागणें. एका पुस्तकाची नोंद एकदां नीट झाली, कीं इतरांस ती जशीच्या तशी उतरून घेतां येते.

मात्र ती नोंद देवनागरींत हवी. 'ज्ञानेश्वरी' रोमन लिपींत चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं लिहिली, तर शोधणारा वाचक रिकाम्या हातीं परततो. मराठी पुस्तकांच्या शुद्ध नोंदी आम्हांवांचून दुसरें कोण करणार? त्या कराव्या आणि सर्वांस खुल्या ठेवाव्या. आहेर घेऊन बसलेल्या घरानें परतीचा आहेर करावयाचा राहिला आहे.