नातीचे इन्सब्रुक, आपली पिंगळी

वाचकहो, आपल्या पिंगळीतील एखादी नात विद्यार्थी-देवाणघेवाणीतून एका सत्रासाठी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे शिकावयास गेली आहे, अशी कल्पना करा. घरी राहिलेल्या आजी-आजोबांना त्या गावाचे चित्र ठाऊक नसते. ठाऊक असते ती केवळ काळजी. म्हणून तिच्या सुट्टीच्या एका दिवशी आपणही तिच्यासोबत फिरून येऊ.

इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरील पूल. आल्प्सच्या दरीत ५७४ मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातील विद्यापीठ १६६९ सालचे आहे. १९६४ आणि १९७६ साली येथे हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या. सकाळी नात मैत्रिणींसह जुन्या पेठेत जाते. तेथे एका सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेली २,६५७ तांब्याची कौले झळकतात. जवळच्या नगरमनोऱ्याच्या १३३ पायऱ्या ती गप्पा मारीत चढते. वरून पाहावे तर घरांच्या मागे थेट डोंगर उभा!

दुपारी त्या त्याच डोंगरावर निघतात. प्रथम रुळांवरून वर चढणारी गाडी, मग दोरीवरचे पाळणे. हुंगरबुर्ग, झेग्रुबे आणि शेवटी २,२५६ मीटरवरील हाफेलेकार. आपल्या कळसूबाईहून हे ठिकाण सहाशे मीटरने उंच आहे. प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. परंतु वर पोहोचताच श्वासागणिक मिळणारा प्राणवायू शहरातल्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटतो. तरुण शरीर हे सहज निभावते. उद्या आपण नातीला भेटावयास गेलात, तर झेग्रुबेला थोडे थांबावे, वर सावकाश चालावे. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर अस्वस्थ वाटले, तर खाली उतरणे हाच पहिला उपचार. बर्फावरून परतणारे ऊनही तीव्र असते; काळा चष्मा विसरू नये.

आता पिंगळीकडे वळू. पिंगळेश्वराच्या मंदिराजवळची आपली प्राचीन बारव म्हणजे उलटा मनोराच. मनोऱ्यात चढण आधी येते; दम लागला तर अर्ध्यातून परतता येते. बारवेत उतरण आधी आणि चढण शेवटी, शक्ती सरल्यावर. उतरताना गुडघ्यांवर भार पडतो, चढताना हृदयावर. म्हणून गुडघे दुखत असतील, तोल जात असेल, तर काठावरूनच दर्शन घ्यावे आणि सपाट वाटेवर फेरी मारावी. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच गती बहुतेकांना पुरेशी असते. छातीवर दडपण आले, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, घेरी आली, तर तेथेच बसावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

घरातील सेवाकर्त्यांना एक विनंती. हिवाळ्यात इन्सब्रुकचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास, तर उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. तेथे सायंकाळी सहाला नात मोकळी होते, तेव्हा हिवाळ्यात येथे साडेदहा वाजलेले असतात. फोनची वाट पाहत आजी जागतात. जेवण लांबते, गोळी चुकते, झोप मोडते. फोन तिच्या दुपारी तीनला ठरवा, म्हणजे येथे साडेसात वाजलेले असतील.

आणि आजी-आजोबांनो, त्या फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारू नका. मनोऱ्यावरून काय दिसले, डोंगरावर दम लागला का, हेही विचारा. आपण किती चाललात, ते सांगा. परदेशातल्या लेकराला घोर नको म्हणून आपले दुखणे दडवण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु पायांना सूज आली, रात्री धाप लागली, हे नातीला आणि घरच्यांना वेळीच कळू द्या. दूर असली तरी दवाखान्यात जाण्याचा लकडा तीच सर्वांत अधिक लावील, आणि तिचे आपण ऐकाल.