मागे राहून कमावलेले सेकंद

गोल्फ या खेळात एक समंजस सोय आहे. नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकमेकांच्या बरोबरीने खेळू शकतात. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सूट मिळते. तिला हँडिकॅप म्हणतात. मैदान ७२ फटक्यांचे असले आणि अठरा फटक्यांची सूट असलेल्या खेळाडूने ९० फटके घेतले, तर हिशेबात त्याचे ७२च धरले जातात. त्यामुळे नवशिक्याला आपल्याहून कितीतरी सरस माणसांच्या सोबतीने खेळता येते आणि त्या सोबतीतच तो शिकत जातो. उत्तम खेळाडू चांगला फटका कसा मारतो, हे तर दिसतेच. पण चेंडू झाडीत गेल्यावर तो चिडत नाही, घाई करीत नाही, एक फटका सोडून देऊन वाटेवर परत येतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बहुतेक क्षेत्रांत मात्र अशी सूट मिळत नाही. तेथे सरस माणसांच्या सोबतीला जायचे म्हणजे उघडउघड हरायला जायचे. ही किंमत देऊन शिकलेल्या माणसाचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते बीड जिल्ह्यातच, आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी सापडते.

अविनाश साबळे याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आष्टी तालुका हा पावसाच्या भरवशावर जगणारा. हंगाम साधला तर कड्याच्या आणि आष्टीच्या बाजारपेठेत उलाढाल दिसते. नाही साधला तर दुकानदाराच्या उधारीच्या वहीची पाने भरत जातात. अविनाशचे आईवडील शेतकरी. वीटभट्टीवरही त्यांनी कष्ट केले. घर ते शाळा हे अंतर सहा किलोमीटर होते आणि ते पायीच, पुष्कळदा धावत, कापावे लागे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात, राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये त्याने नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धांकडे तो वळला तो २०१५ मध्ये, वयाची विशी उलटल्यावर. आणि सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या आग्रहामुळे २०१७ मध्ये त्याने ३,००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत स्वीकारली.

या शर्यतीचे स्वरूप ठाऊक असल्याशिवाय पुढील हिशेब नीट कळणार नाही. साडेसात फेऱ्यांच्या अंतरात धावपटूला ३५ उड्या माराव्या लागतात. त्यांतील २८ साध्या अडथळ्यांवरून आणि ७ पाण्याच्या खड्ड्यावरून. अडथळा ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट उंच असतो आणि तो जड लाकडाचा असल्याने पाय लागला तरी पडत नाही. पडतो तो धावपटू. एकट्याने धावताना अडथळा दुरून दिसतो आणि पावले मोजून घेता येतात. दहापंधरा जणांच्या घोळक्यात मात्र पुढच्याची पाठ तेवढी दिसते आणि अडथळा अचानक समोर उभा राहतो. म्हणून ही विद्या एकट्याने सराव करून पुरती येत नाही. ती येण्यासाठी घोळका लागतो, आणि घोळकाही वेगवान लागतो. भारतात तो नव्हता. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित राहिला, यावरूनच येथील स्पर्धेची धार किती होती ते ध्यानात येते.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत जिंकून तो विक्रम मोडला. त्यानंतर जुलै २०२४ पर्यंत त्याने स्वतःचाच विक्रम आणखी नऊ वेळा सुधारला. या दहा नोंदी एखाद्या खतावणीप्रमाणे दोन बाजूंना मांडून पाहिल्या, तर जमेच्या रकमा कोठून आल्या हे स्पष्ट होते.

पहिल्या बाजूला मायदेशातील चार शर्यती येतात: २०१८ मध्ये भुवनेश्वर, २०१९ आणि २०२१ मध्ये पतियाळा, २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम. या चारही शर्यती त्याने जिंकल्या. चारींत मिळून विक्रमातून ५.०२ सेकंद कमी झाले. दुसऱ्या बाजूला परदेशातील सहा शर्यती येतात. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी, ८ मिनिटे २५.२३ सेकंद, तेथीलच अंतिम फेरी, ८ मिनिटे २१.३७ सेकंद, २०२१ चे टोकियो ऑलिम्पिक, ८ मिनिटे १८.१२ सेकंद, जून २०२२ मधील रबातची डायमंड लीग, ८ मिनिटे १२.४८ सेकंद, ऑगस्ट २०२२ मधील बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ८ मिनिटे ११.२० सेकंद, आणि जुलै २०२४ मधील पॅरिसची डायमंड लीग, ८ मिनिटे ९.९१ सेकंद. या सहा शर्यतींत त्याचे क्रमांक अनुक्रमे सातवा, तेरावा, सातवा, पाचवा, दुसरा आणि सहावा असे होते. सहांपैकी एकही शर्यत त्याने जिंकली नाही. आणि या सहा शर्यतींनी विक्रमातून कमी केलेला वेळ आहे १५.९५ सेकंद.

एकूण कमाई २०.९७ सेकंदांची. तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा, जेथे तो पहिला आला नाही, तेथून आला. जेथे हार पडले तेथून उरलेला एक चतुर्थांश. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला यापुढे वेगळा पुरावा नको.

मात्र या कमाईसाठी मोजलेली किंमतही खात्यावर दिसली पाहिजे. दोहाच्या प्राथमिक फेरीत घोळक्यातील दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट अडली. भारतीय संघाने तक्रार केली, ती मान्य झाली, आणि म्हणून त्याला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. टोकियोत राष्ट्रीय विक्रम करूनही तो अंतिम फेरीबाहेर राहिला. दुसऱ्या गटातून पुढे गेलेल्या काही धावपटूंपेक्षा त्याची वेळ सरस होती, तरी आपल्या गटात तो सातवा होता. जुलै २०२२ मध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तर वेगळाच धडा मिळाला. सगळे दिग्गज सुरुवातीला संथ धावले आणि अखेरीस एकदम वेग वाढवून निघून गेले. अविनाश ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. चार वर्षांपूर्वी मोडलेल्या जुन्या विक्रमापेक्षाही ही वेळ उणी होती. वेगवान शर्यत धावता येणे आणि दुसऱ्याने संथ केलेली शर्यत धावता येणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे त्या दिवशी पदरात पडले.

त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, ६ ऑगस्ट २०२२ रोजी, बर्मिंगहॅमची शर्यत झाली. १९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. २०१६ च्या ऑलिम्पिकचा विजेता कॉन्सेस्लस किप्रुतो याही वेळी मैदानात होता. अविनाश केनियाच्या तिघांच्या मागोमाग राहिला, त्यांची चाल वाढली तेव्हा त्यानेही वाढवली आणि शेवटच्या फेरीत एकेकाला मागे टाकीत अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी पोहोचला. किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाशची ८ मिनिटे ११.२०. सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकले. पण केनियाची ती जुनी मक्तेदारी मांडव्याच्या मुलाने मोडली.

ही झेप एका दिवसाची नव्हती. त्याच वर्षी तो अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावासाठी गेला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरील या गावी हवा विरळ आहे, म्हणून लांब पल्ल्याचे उत्तम धावपटू तेथे येऊन राहतात. अशा ठिकाणी रोजच्या सरावातही सहज कोणी पुढे जाऊ देत नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये परदेशी धावपटूंच्या सोबतीने धावून त्याने १ तास ३० सेकंदांची नोंद केली होती. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. आणि त्या शर्यतीत त्याचा क्रमांक होता दहावा.

व्यापारी घरांना ही रीत अपरिचित नाही. जुन्या पिढीत मुलगा वयात आला की त्याला आपल्या गादीवर बसवण्याआधी एखाद्या मोठ्या पेढीवर उमेदवारीला पाठवीत. घरच्या दुकानात तो शेठजींचा मुलगा असे. गिऱ्हाईक त्याची चूक हसून सोडून देई आणि मुनीम ती निमूटपणे दुरुस्त करी. परक्या पेढीवर तो सर्वांत धाकटा. तेथे मालाची पारख, भावाचा अंदाज, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावायचे, हे कोणी शिकवीत नसे. जाणत्यांच्या शेजारी बसून ते दिसत असे. बँकेतही नवा कारकून नोटा मोजायला शिकतो तो पुस्तकातून नव्हे, तर जुन्या रोखपालाच्या शेजारच्या खिडकीत बसून.

आज हीच रीत अनेक घरांत नकोशी झाली आहे. तालुक्याच्या गावी दहावीला पहिला आलेला मुलगा पुण्याला जातो. सी.ए.च्या अभ्यासाला बसतो, किंवा एखाद्या मोठ्या कचेरीत आर्टिकलशिप करतो. तेथे त्याच्यासारखे पहिले आलेले चाळीस जण असतात आणि त्यांच्यात तो तिसावा ठरतो. काही महिन्यांत घरी फोन येतो, ‘मी परत येऊ का?’ त्या क्षणी आईवडील काय उत्तर देतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘ये बाबा, आपले दुकान आहेच,’ हे उत्तर मायेचे आहे. पण मुलाला ऐकू येते ते असे, की तिसावा क्रमांक ही लाजेची गोष्ट आहे.

दुसऱ्या बाजूची सावधगिरीही हवी. सरसांच्या सोबतीला जायचे तर स्वतःचा पाया आधी पक्का असावा लागतो. अविनाश दोहाला गेला तो देशातला विक्रम दोनदा मोडून, एकदम पहिल्या वर्षी नव्हे. पुढे असलेला माणूस नजरेच्या टप्प्यात असावा. फार दूर गेला तर त्याच्यापासून शिकता येत नाही, केवळ खचायला होते. मोजमाप आपल्याच मागील नोंदीशी करावे. क्रमांक दुसऱ्यांच्या हातात असतो, वेळ आपल्या. आणि शरीराची, मनाची झीज होते हेही विसरू नये. जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडून अविनाशच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मोठ्या मैदानात पडणेही मोठेच असते.

शिवाय असा प्रवास संपत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकले; ती वेळ त्याच्याच बर्मिंगहॅमच्या वेळेपेक्षा आठ सेकंदांनी जास्त होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. सुवर्णपदकाचे छायाचित्र घराघरांत पोहोचले, अकराव्या क्रमांकाचे फारसे कोणी जपले नाही. तरी जाणकाराला विचारले, तर तो अकराव्या क्रमांकाची शर्यतच अधिक मोलाची म्हणेल. जागतिक विक्रम इथिओपियाच्या लमेचा गिरमाच्या नावावर आहे, ७ मिनिटे ५२.११ सेकंद. अविनाशच्या सर्वोत्तम वेळेत आणि त्यात अजून १७.८० सेकंदांचे अंतर आहे.

मुले परगावाहून सुटीत घरी येतात, तेव्हा बैठकीत त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो क्रमांकाचा. तो विचारू नये असे नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तुझ्या पुढे असलेल्यांपैकी कोणाच्या शेजारी तू बसतोस, आणि मागच्या खेपेपेक्षा या वेळी त्याच्या किती जवळ पोहोचलास? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाजवळ असेल, त्याच्या तिसाव्या क्रमांकाची काळजी करण्याचे कारण नाही.