रिकाम्या रायफलीचा क्षण

१/ लिव्हर अ‍ॅक्शन रायफल नावाजली ती वेगासाठी. चापाभोवतीची तरफ खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि नवे आत सरके. पण शेवटची गोळी सुटल्यानंतर काय? या रायफलींचा निम्मा इतिहास त्या रिकाम्या क्षणाचा आहे.

२/ १८६० च्या हेन्री रायफलीत बॅरलखालच्या नळीत १६ काडतुसे मावत. ती भरताना स्प्रिंग दाबून पुढच्या टोकाला न्यायची, ते टोक फिरवून बाजूला करायचे आणि तोंडाकडून एकेक काडतूस आत सोडायचे. तेवढा वेळ सैनिक हाती शस्त्र असूनही निःशस्त्र असे. शिवाय नळीच्या तळाला उघडी चीर होती. तिच्यातून धूळ आणि चिखल आत जाई.

३/ त्याच काळातील स्पेन्सर रायफलीने काडतुसांची नळी दस्त्यात नेली. काडतुसे अवघी ७, आणि प्रत्येक बाराआधी घोडा हाताने चढवावा लागे. मात्र अमेरिकी यादवी युद्धात तिला ब्लेकस्ली पेटीची जोड मिळाली. पेटीत ७-७ काडतुसांच्या भरलेल्या नळ्या असत. त्यांतली एक दस्त्यात रिती केली की रायफल पुन्हा सज्ज.

४/ १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंग याने उजव्या बाजूला स्प्रिंगची लहानशी झडप बसवली. अंगठ्याने काडतूस आत ढकलायचे, एवढेच. नळीची चीर गेली, बॅरलखाली लाकडी आवरण आले. त्याहून मोठा लाभ असा की, रायफल रिकामी होण्याची वाट न पाहता अधूनमधून भर घालता येऊ लागली.

५/ १८७७ साली प्लेव्हना येथे ऑटोमन सैन्याने लांबच्या माऱ्यासाठी पीबडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्यासाठी विंचेस्टर वापरली. खंदकांवर चालून गेलेल्या रशियन सैन्याची जबर हानी झाली.

६/ पुढे टोकदार गोळ्या आल्या. नळीत एकीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकते. धक्क्याने स्फोट होण्याचा धोका. १८९५ च्या विंचेस्टरमध्ये ब्राउनिंगने नळीऐवजी पेटीसारखे मॅगझिन दिले. पहिल्या महायुद्धात रशियाने या रायफली मागवल्या, त्या पट्टीतली ५ काडतुसे एका दाबात भरता येतील अशा.

७/ चालून येणाऱ्याची आशा समोरच्याच्या रिकाम्या क्षणावर असते. किंगच्या झडपेने खंदकातल्या सैनिकाला तो क्षण परत दिला, आणि उघड्या मैदानातल्या सैनिकाकडून काढून घेतला. शोध एकच होता. तो कोणाला तारणार, हे रायफल कोणाच्या हाती आहे यावर ठरत होते.