पडलेले घड आणि घानाचा केलेवेले



मे महिन्याच्या वादळात माझ्या जी-९ बागेतली साडेतीनशे झाडं आडवी झाली. घड पाऊण भरलेले, कापणीला महिना बाकी. पंचनामा झाला. व्यापारी मात्र बांधावरूनच माघारी फिरला. अर्धवट भरलेला माल नीट पिकत नाही, त्याचंही खरंच होतं. बरेच घड गुरांपुढे टाकले.

त्या रात्री मुलाचा फोन आला. तो जहाजावर कामाला आहे. म्हणाला, "आप्पा, फेकू नका. आमच्यासोबत घाना देशाचा एक जण आहे, त्यांच्याकडे केळी हे जेवण आहे." मग त्याने केलेवेले सांगितलं. आल्याचा ठेचा, सुकी लाल मिरची, लवंग, मीठ, थोडी बडीशेपेसारखी वास देणारी अनीस. त्यात पिकल्या केळाच्या फोडी घोळवायच्या अन् तेलात तळायच्या. अक्रा शहरात रात्री रस्त्यावर विकतात, सोबत भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे म्हटल्यावर आमच्या घरात सगळे कान टवकारून बसले.

घरात थोडी केळी पिकवली होती, ती घेतली. पहिला घाणा फसला. फोडी तेलात विरघळल्यासारख्या झाल्या, तेल प्यायल्या. कारण नंतर कळलं. त्यांचं केळ प्लँटेन, म्हणजे एएबी गटातलं, स्टार्च जास्त. पिकलं तरी घट्ट राहतं. आपलं जी-९ एएए गटातलं, पिकलं की लोण्यासारखं मऊ. दुसऱ्यांदा साल हिरवी-पिवळी होत असतानाच घेतली. जमलं.

कच्च्या घडांसाठी कॅरिबियन बेटांवरची पद्धत बरी. तिकडे तोस्तोनेस म्हणतात. हाताला तेल लावून सोला, नाहीतर चीक आठवडाभर निघत नाही. इंचभर जाड काप मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळे पडत नाहीत. पाणी पुसून मंद आचेवर तळा, वाटीच्या बुडाने दाबून चपटे करा, पुन्हा कडक तेलात तळा. आम्ही ठेच्यासोबत खाल्ले.

खाताना मंडळी म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं केळी लावताय. घरात मात्र आपण वेफर्स अन् शिकरणीच्या पुढे गेलो नाही." काय बोलणार? आपण केळी गाडीत भरायला पिकवली. भाव पडला की केळीची किंमतच शून्य, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

तळलेल्या कापांनी वादळाचं नुकसान भरून निघत नाही, हे मलाही कळतं. पण यंदा बांधाकडेला केरळच्या नेंद्रनचे बारा कंद लावलेत. तेही एएबी, त्यांचे चिप्स त्याचेच. घड लहान येतो, फण्या कमी, हे माहीत आहे. विकायला नाही, घरच्या कढईसाठी.

आपल्या उन्हाळी झळांत कुणी नेंद्रन तगवला असेल तर खाली लिहा. पाणी किती दिलं, सावली केली का, तेवढं सांगा.