लागणे

इंग्रजीच्या अभ्यासाला बसलेली माझी नात परवा फार कुरकुरत होती. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाने उड्डाण करणे, टोपी काढणे आणि कुणाची नक्कल करणेसुद्धा! ही कसली भाषा, असा तिचा सवाल. मी म्हणालो, "बाळ, 'टेक' हा शब्द सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. तिकडे तो 'ऑफ'सारख्या शब्दांशी जुळला आणि अर्थ वाढत गेले. पण आपल्या घरात काय आहे, तेही पाहू या."

आपले 'लागणे' घ्या. रेल्वेने पालघर सोडले की उमरोळी लागते, मग बोईसर लागते. फलाटाला गाडी लागते. आणि एखाद्याला गाडी लागली, तर तो बिचारा खिडकी शोधतो! किनाऱ्याला होडी लागते, पायाला ठेच लागते, भूक लागते, आजीचा लळा लागतो. या साऱ्यांच्या मुळाशी संस्कृतातील 'लग्' हा धातू आहे. चिकटणे, जोडले जाणे, हा त्याचा अर्थ. दोन घरांना जोडणारे 'लग्न' त्याच कुळातले.

हे सारे मला पाठ होते, तरी एकदा मी चुकलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या नाना प्रांतांतून माणसे पोटासाठी येतात. अशाच एका कुटुंबातला, बिहारहून आलेला मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने निबंधात लिहिले, 'मला ही शाळा चांगली लागते.' मी ते वाक्य मोठ्याने वाचले. "मीठ बरोबर आहे का रे शाळेला?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले. वर्ग हसला आणि मीही हसलो. मराठीत चांगला लागतो तो आंबा. शाळा चांगली वाटते. वाक्याखाली मी लाल रेघ ओढली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मुलाची मराठीची वही कोरीच राहिली.

पुढे एकदा उजाडले. त्याच्या हिंदीत 'अच्छा लगना' म्हणजे आवडणे, चांगले वाटणे. धातू तोच, 'लग्'! जी गोष्ट आपल्याकडे जिभेला लागते, ती त्याच्या भाषेत मनालाही लागते. मी दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली, शब्दाचे मूळ सांगितले आणि सर्वांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. तो काहीच बोलला नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर त्याने वही पुढे केली. आत चारच ओळी होत्या. पहिली होती, 'मला आता मराठी येऊ लागली आहे.'