शतपावलीस, आईच्या वतीने

प्रिय शतपावली,

तुझ्या नावात शंभर पावलं आहेत. काल रात्री घड्याळ लावून मोजली, जेमतेम सव्वा मिनिट लागलं. तेवढ्यावर थांबू नकोस, हे सांगायला हे पत्र.

लहानपणी तू मला बाबांच्या सपातांच्या आवाजात भेटायचीस. हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून ते अंगणात फेऱ्या घालायचे. आई तेव्हा मोरीत खरकटी भांडी घेऊन बसलेली असायची. तिच्या वाट्याला तू कधी आलीच नाहीस. आणि पुढे साखर निघाली ती तिला.

भात-पोळीची साखर जेवणानंतर तासा-दीड तासात रक्तात सर्वांत वर चढते. ती चढत असतानाच आपण चालू लागलो की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात, तीही इन्सुलिनची वाट न बघता. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर हे तपासलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. दिवसातून एकदाच ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचंच जेवण भरपेट, आणि लगेच सोफा!

आता आई जेवली की चपला घालते. आधी तिला फार अवघड जायचं. ‘‘खरकटं तसंच टाकून कुठे निघू गं?’’ म्हणायची. आता सोसायटीच्या गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आठ फेऱ्या, बारा मिनिटं. साखरेच्या वहीत चाललेल्या दिवसापुढे ती बारीकसा ‘चा’ लिहिते. ‘चा’च्या दिवसांचे आकडे बहुतेक वेळा खालचेच असतात.

गोळ्या-इन्सुलिनची जागा तू घेऊ शकत नाहीस, हेही खरं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून आईच्या बटव्यात ग्लुकोजची पुडी असते. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नये. चालताना छातीत दुखलं तर थांबून डॉक्टर गाठावा.

आता घरोघरी जाशील तेव्हा आधी ओट्याशी जा. आणि वाचणाऱ्यांनो, आज रात्री भांडी तुम्ही घासा, नाहीतर तशीच राहू द्या. आईला आधी चालून येऊ द्या.

तुझी,
एक लेक